तंटा मिटवायची खोली: आर्किटेक्चरच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

बांधाचा वाद, शेतरस्ता, पाटाच्या पाण्याची पाळी. हे मिटवायला खानदेशात लोक जिथे बसतात ती खोली बहुधा अशी असते: वर स्लॅब, खाली टाइल्स, एका टोकाला चौथरा, एकच दार. अशी खोली भांडण वाढवते, आणि का वाढवते हे मोजून दाखवता येतं. या कामात यायचं असेल तर आधी मोजायला शिका.

सुरुवात आवाजापासून करा. ६ बाय ५ मीटरची, ३ मीटर उंच खोली घ्या. घनफळ ९० घनमीटर. भिंती, छत, फरशी मिळून पृष्ठभाग १२६ चौरस मीटर, आणि टणक प्लास्टर-टाइल्स त्याच्या साधारण ३ टक्केच आवाज शोषतात, म्हणजे जेमतेम ३.८ एकक (एक एकक म्हणजे आवाज पूर्ण शोषणारा एक चौरस मीटर). सॅबाइनच्या सूत्राने (०.१६१ गुणिले घनफळ, भागिले शोषण) रिकाम्या खोलीतला घुमारा, म्हणजे आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ, पावणेचार सेकंदांच्या आसपास येतो. बारा माणसं बसली तरी तो दीड सेकंदाच्या वरच राहतो. बोलणं स्पष्ट कळायला ०.७ सेकंद हवा. शब्द नीट कळला नाही की माणूस आवाज चढवतो, समोरच्याला ते ओरडणं वाटतं. हिशोबाने आणखी ११-१२ एकक शोषण लागतं. छताला लाकडी तंतूंचे बोर्ड लावले तर बरंचसं भागतं. पैसे नसतील तर जाड गोधड्या भिंतीपासून ५ सेंमी अंतर सोडून टांगा. भिंतीला चिकटवल्या तर खालचे, पुरुषी स्वर तसेच घुमत राहतात. ही चूक हमखास होते.

भुसावळ-जळगावकडचं मे महिन्याचं ऊन धरूनच नकाशा काढा. लांब भिंती उत्तर-दक्षिण तोंडाच्या, पश्चिमेला व्हरांडा. चार खडखडणारे पंखे लावून गारवा मिळवला तर आवाजावर केलेली सगळी मेहनत वाया जाते.

आता दारं. दोन बाजूंना दोन दारं, सारख्याच रुंदीची, आणि प्रत्येकाबाहेर वेगळा ओटा. रागाने उठलेल्या माणसाला समोरच्यांच्या पाठीमागून जावं लागू नये. त्याला दहा मिनिटं बाहेर बसून, मान न घालवता परत येता आलं पाहिजे. एकच दार असेल तर उठून गेलेला सहसा परतत नाही. पाण्याचा माठ मात्र एकच, दोन्ही ओट्यांच्या मधोमध ठेवा. आत न निघालेला शब्द तिथे निघतो.

बसण्याची मांडणी किरकोळ समजू नका. व्हिएतनाम युद्धाच्या पॅरिस वाटाघाटी टेबलाच्या आकारावरून अडल्या आणि जानेवारी १९६९ मध्ये सुटल्या: मध्ये गोल टेबल, दोन बाजूंना दोन छोटी आयताकृती टेबलं. बारा जणांसाठी माणशी ७० सेंमी धरले तर गोल टेबलाचा व्यास सुमारे २.७ मीटर येतो. यापेक्षा मोठं केलं की आवाज चढवावा लागतो. सातपुड्यातल्या पाड्यांवर टेबल आणूच नका, सतरंजी बरी. चौथरा कुठेच नको. खिडकीचा उजेड एकाच बाजूच्या डोळ्यांवर येत नाही ना, हे सकाळी आणि दुपारी चारला जाऊन तपासा. गावनकाशा भिंतीवर न टांगता मधोमध आडवा पसरा.

जागा निवडताना भावकीची गल्ली आणि देवळाचा पार टाळा. पारावर काहींना आजही मोकळेपणाने बसता येत नाही, आणि बायका तर कडेलाच उभ्या राहतात.

अभ्यासाला जवळचा नमुना धुळ्याकडच्या पांझरा नदीच्या खोऱ्यातली फड पद्धत, म्हणजे पाटाचं पाणी वाटून घ्यायची जुनी रीत. बंधाऱ्याखालच्या शेतीचे फड, म्हणजे मोठे तुकडे, पाडलेले, एका फडात एकच पीक, त्यामुळे पाण्याची गरज सारखी. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. पाळीवरून होणारी भांडणं मुळात जमिनीच्या आखणीनेच कमी केलेली आहेत. एक बंधारा निवडा आणि पाटाचा उतार, पाण्याची दारं, फडांच्या हद्दी स्वतः मोजून काढा.

पाच वर्षांच्या बी.आर्क.मध्ये हा विषय क्वचितच वेगळा शिकवतात. म्हणून १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी या दिवसांच्या आसपास ग्रामसभा भरली की परवानगी घेऊन मागे बसा. खोलीचा नकाशा आधी काढून न्या. दर दहा मिनिटांनी कोण कुठे बसलंय, कोण उभं आहे, कोण बाहेर गेलं याच्या खुणा करा, नावं लिहू नका. चार सभांचे कागद एकावर एक ठेवले की कुठला कोपरा नेहमी रिकामा राहतो आणि कुठल्या दारात गर्दी अडते ते दिसतं. डिझाइनचा पहिला कागद तोच.