गाडी उचलली, कॅस्टर गेला

आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकची २ वर्षं काढून मी भोसरीकडच्या एका गॅरेजात अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांचे कोन जुळवायच्या रॅम्पवर लागलो. स्क्रीनवरचे आकडे हिरवे झाले की गाडी खाली उतरवायची, एवढीच माझी समज. साध्या हॅचबॅकवर ती खपूनही जाते. उचललेल्या, म्हणजे सस्पेन्शन बदलून जमिनीपासून उंच केलेल्या गाडीने मात्र मला पहिल्याच महिन्यात उघडं पाडलं.

डोंगरदऱ्यांत भटकणाऱ्या एका गिऱ्हाइकाने सॉलिड अ‍ॅक्सलची (पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड अ‍ॅक्सलवर) जीप २ इंच उचलून आणली होती. मी टाय रॉडवर, म्हणजे पुढच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर, टो बसवला (वरून पाहिलं तर चाकं पुढच्या बाजूला आत-बाहेर किती वळलीत तो कोन), स्टेअरिंग सरळ केलं आणि चहा सांगितला. दोन दिवसांनी स्वारी परत. "कात्रजचा बोगदा ओलांडून ऐंशीला गेलो की गाडी झिंगल्यासारखी चालते," म्हणाले. वळण संपलं तरी स्टेअरिंग आपणहून मागे येत नव्हतं. टो पुन्हा तपासला, बरोबर होता. उस्तादांनी माझाच प्रिंटआउट काढला आणि कॅस्टरच्या आकड्यावर बोट ठेवलं. लाल. मी तो पाहिला नव्हता असं नाही. पण त्या गाडीत कॅस्टर फिरवायला बोल्टच नाही, म्हणजे ते आपलं काम नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं.

सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो वरून मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. गाडीत चाक ज्या आसावर वळतं, त्याचा असाच मागचा कल म्हणजे कॅस्टर. या जीपमध्ये अ‍ॅक्सल धरणारे दोन आर्म मागे चॅसीला जोडलेले असतात. चॅसी वर गेली की आर्मचं मागचं टोक वर जातं, त्यासोबत अ‍ॅक्सल पुढे झुकतो आणि कल कमी होतो. आर्म ३० इंचांचा धरा: २ इंच उचलल्यावर जवळपास ३.८ अंश गेले. मुळात कॅस्टर असतोच काही अंशांचा, मग उरणार काय? उपाय टाय रॉडवर नाही. आर्ममध्ये ऑफसेट बुश, म्हणजे भोक मध्यापासून सरकलेले रबरी बुश, बसवावे लागतात. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत अ‍ॅक्सल आणि पाट्यामध्ये पाचर घालतात. पाचर उलटी बसली तर उरलासुरला कॅस्टरही जातो, तेव्हा जाड बाजू कुठे येते ते घट्ट करण्याआधी बघा.

अशा अ‍ॅक्सलमध्ये कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाक आत-बाहेर किती कललंय तो कोन) मात्र उंचीने बदलत नाही. तो बिघडलेला दिसला तर अ‍ॅक्सल वाकलाय का, बेअरिंग ढिलं आहे का, ते पाहायचं. उचललेल्या गाडीत पॅनहार्ड रॉडमुळे, म्हणजे अ‍ॅक्सल आणि चॅसी जोडणाऱ्या आडव्या दांड्यामुळे, अख्खा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, तेही टेप लावून मोजा. नवीन पोरं हे हमखास विसरतात. मीही विसरलोय.

डबल विशबोनच्या (प्रत्येक चाकाला वर एक, खाली एक आर्म) पिकअपचं दुखणं वेगळं. तिथे आर्म लोंबतात आणि कॅस्टर, कॅम्बर, टो तिन्ही हलतात. एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवले की आर्म सरकवणारे) असतील तर आधी कॅस्टर-कॅम्बर बसवा. एक फिरवला की दुसरा हलतो, चिडू नका. टो शेवटी. आधी टो बसवलात तर तीच मेहनत पुन्हा करावी लागेल. बोल्टची मर्यादा संपूनही आकडा येत नसेल तर वरचा आर्म बदलायला लागेल, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. अशा फेरफारावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ची बंधनं आहेत, तेही सांगा. नाराज होतात, होऊ द्या.

रॅम्पवर घेण्याआधी हवा भरा, बॉल जॉइंट आणि रॉड एंड हे सांधे हलवून पाहा. टायरवर तळहात फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवताना खरखरीत लागलं तर टोची गडबड. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा. हवेत आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

त्या जीपला बुश घातले आणि उस्तादांनी मला शेजारी बसवून खेड शिवापूरपर्यंत नेलं. परतताना एका मोकळ्या वळणावरून बाहेर पडताना त्यांनी स्टेअरिंगवरची पकड सैल केली. चाक हळूच सरळ आलं. चहाचे पैसे त्या दिवशी मी दिले.