हेड गॅस्केट बदलताय? आधी बोल्टची भोकं बघा

खंबाटकीच्या घाटात गाडी उकळली की सल्लागार जमतात. त्यातला एक हमखास सांगतो, "रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाका." हळदीने रेडिएटरचं सुईएवढं भोक तात्पुरतं बुजतं, हे खरं आहे. पण हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावर बोल्टने बसवलेलं हेड यांच्या मधली सील. तिच्या एका अंगाला पेट्रोल जळत असतं. तिथे हळद तर सोडाच, गळती बुजवणारं बाटलीतलं महागडं लिक्विडही टिकत नाही. उलट हीटरच्या बारीक नळ्या तुंबतात आणि खर्च वाढतो.

दुसरा आवडता सल्ला म्हणजे ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली की "हेड उघडा". पावसाळ्यात कोथरूड ते डेक्कन एवढंच पळणारी गाडी नीट तापतच नाही. आतल्या वाफेचं पाणी होतं आणि झाकणाखाली साय धरते. डिपस्टिकवरचं ऑइलसुद्धा चहासारखं दिसलं, तरच काळजी करा.

खरी तपासणी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करायची. गरम गाडीच्या रेडिएटर कॅपला हात लावणाऱ्याला मी काही शिकवायला जात नाही. कॅप काढून गाडी चालू करा. सुरुवातीला अडकलेली हवा निघते, तिकडे लक्ष देऊ नका. बुडबुडे थांबतच नसतील आणि रेस दिल्यावर वाढत असतील, तर ते गॅस्केटचे. गाडी बंद करून कॅप लावा, पुन्हा चालू करा आणि रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) दाबून बघा. इंजिन अजून कोमटही नसताना तो कडक झाला, तर शंका पक्की. उरलीसुरली खात्री निळ्या लिक्विडच्या टेस्टरने करा. रेडिएटरच्या तोंडातून आलेल्या हवेत जळालेला वायू असला की पेट्रोल गाडीत ते पिवळं पडतं. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलंत आणि शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं एकदम पडलेलं निघालं, तर गॅस्केट त्या दोघांच्या मधे गेलंय.

यातलं काहीच नसेल तर हेडला हात लावू नका. आधी फॅन, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि कॅप बघा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, उघडं पाणी इथे १०० अंशांच्या थोडं आधीच उकळतं. ०.९ (दाबाचा आकडा) लिहिलेली चांगली कॅप दाब धरून तोच आकडा ११५ च्या पुढे नेते. कॅपचं रबर मेलं की घाटात गाडी उकळणारच, आणि अॅल्युमिनियमचं हेड वाकायला तेवढं पुरतं. गॅस्केट उडालेलं असलं तरी हे चारही तपासा, नाहीतर नवं गॅस्केटही त्याच वाटेने जाईल.

खोलणं सोपं आहे: कूलंट काढा, टायमिंग बेल्टच्या चाकांवरच्या खुणा जुळवून फोटो घ्या, हवा-धुराच्या नळ्यांचे मॅनिफोल्ड सोडवा, आणि हेडचे बोल्ट थंड इंजिनवर बाहेरून आत, थोडे थोडे ढिले करा. काढलेलं कूलंट सोसायटीच्या पार्किंगमध्ये सांडू नका. ते विषारी असतं आणि गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात.

हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खालच्या फटीत फीलर गेज (मापाच्या पातळ पट्ट्या) घाला. छोट्या गाड्यांना हेड वाकण्याची मर्यादा बहुधा ०.०५ मिमीच्या आसपास असते, पण तुमच्या मॅन्युअलमधलाच आकडा धरा. त्याहून जास्त असेल तर हेड लेथवाल्याकडे फेसिंगला, म्हणजे सपाट करून घ्यायला. चिकटलेलं जुनं गॅस्केट काढायला ब्लॉकला ग्राइंडरची पॉलिश पेपरची चकती अजिबात लावू नका, तिचा कच ऑइलमधून बेअरिंगपर्यंत जातो. प्लॅस्टिकची पट्टी आणि संयम वापरा.

आता बोल्टची भोकं. पहिल्यांदा मी इथेच आपटलो. गॅस्केट नवं, फेसिंग केलेलं, टॉर्क पाना (ठरलेला जोर लागला की वाजणारा) प्रत्येक बोल्टला छान 'टक्' म्हणाला. तीन आठवड्यांत कात्रज चढताना तापमानाचा काटा पुन्हा वर. हेड परत उघडलं तर एका कोपऱ्यातल्या भोकाच्या तळाशी कूलंट आणि जुन्या गॅस्केटचा भुगा यांचा चिखल साचलेला. हेड उचलताना कूलंट भोकांत उतरतं, आणि बरीचशी भोकं खालून बंद असतात. पाणी दाबून कमी होत नाही. बोल्ट त्या पाण्यावर अडतो, पाना 'टक्' म्हणतो आणि हेड मात्र दाबलेलंच नसतं. माझं नशीब एवढंच की ब्लॉक तडकला नाही. तसाही तडकतो.

म्हणून प्रत्येक भोकात स्क्रूड्रायव्हरला गुंडाळलेलं कापड तळापर्यंत घाला. ते कोरडं निघेपर्यंत पुन्हा पुन्हा. मग चष्मा लावून हवा मारा. आटे साफ करायला आटे पाडायचा टॅप फिरवू नका, तो आटे कापतो. जुन्या बोल्टला हॅकसॉने उभ्या दोन खाचा पाडा आणि तोच हाताने फिरवा, घाण खाचांत येते. शेवटी प्रत्येक बोल्ट नुसत्या बोटांनी तळापर्यंत गेला पाहिजे. एखादा अडला तर पाना उचलू नका, पुन्हा कापड उचला. ऑइल लावायला सांगितलं असेल तर आट्यांना नि डोक्याखाली थेंबभरच, भोकात ओतलेलं ऑइलही पाण्यासारखंच अडतं. काही इंजिनांत भोक थेट पाण्याच्या जागेत उघडतं, तिथे आट्यांना सीलंट लागतो.

आवळताना मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलच्या क्रमाने. ज्या बोल्टचा शेवटचा टप्पा टॉर्कऐवजी अंशांत दिलेला असतो ते ताणले जातात, ते नवेच घ्या. "माझ्या हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्या मेकॅनिकला नम्रपणे चहा पाजा आणि पाना स्वतःकडे ठेवा.

बेल्ट लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. ऑइल आणि फिल्टर नवे. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवा, बोअरच्या पाण्यात नाही. हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी लेव्हल बघा, थोडी उतरलेली असेल, भरा. आठवडाभर ती जागची हलली नाही की मग कात्रज चढा, एसी लावून.