सहाराच्या कडेवरील डोहांत मगरींची नोंद कशी घ्यावी

मॉरिटानियातील तागांत, असाबा आणि होध या रुक्ष प्रदेशांत आजही मगरी टिकून आहेत. काही हजार वर्षांपूर्वी सहारा हिरवा होता; तो वाळत गेला तसतशा मगरी उरल्यासुरल्या पाण्याभोवती एकाकी पडल्या. या पश्चिम आफ्रिकी मगरी असून नाईलच्या मगरींपेक्षा त्यांची जात वेगळी आहे, हे जनुकीय अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. बारमाही नदीकाठची गणनापद्धत त्यांना जशीच्या तशी लावू नये.

सुरुवात पाण्याच्या शोधापासून करावी. येथे पाऊस मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या काळात पडतो. म्हणून पावसानंतरचे आणि मे-जूनमधले अशी दोन उपग्रहचित्रे शेजारी ठेवून कोणते पाणी टिकते ते पाहावे. सखल भागातली, बाभळीच्या झाडांत पसरणारी हंगामी तळी, ज्यांना तिथे ‘तामूर्त’ म्हणतात, चित्रांत सहज ओळखता येतात. कड्याच्या पायथ्याशी असलेले खडकातले डोह, म्हणजे ‘गेल्टा’, मात्र सावलीत दडलेले असल्याने बहुधा निसटतात, आणि मगरींच्या दृष्टीने नेमके तेच मोलाचे असतात. त्यांची माहिती गुराख्यांकडूनच मिळते. मगर गेली की पाणीही जाते, असा समज तिथल्या अनेक लोकांत आहे. अशा श्रद्धेने मगरींचे जे रक्षण केले आहे, त्याची जाण ठेवूनच प्रश्न विचारावेत. पाणी कोणत्या महिन्यात आटते, मगर शेवटची कधी दिसली आणि पिल्ले कोणी पाहिली का, एवढे विचारले तरी पुष्कळ हाती लागते.

प्रत्येक ठिकाणी निदान दोन वेळा जावे. उन्हाळ्याच्या अखेरीस आटत आलेल्या डोहात मगरी एकवटतात आणि मोजणी सोपी होते. परंतु तळे पुरते कोरडे पडले असेल, तर त्या बिळांत, गुहांत किंवा मोठ्या शिळांखालच्या पोकळीत निपचित पडून पावसाची वाट पाहतात. कृष्णाकाठी आपल्याकडच्या मगरींची बिळे पाहिलेल्यांना हे नवे वाटणार नाही. कोरडे तळे पाहून ‘मगर नाही’ असा शेरा मारणे ही या कामातली सर्वांत घातक चूक आहे.

दिवसा काठावरचा ओला चिखल बारकाईने पाहावा. मधोमध शेपटीची ओढलेली खूण आणि तिच्या दोन्ही बाजूंना पावले दिसली, तरी लगेच निष्कर्ष काढू नये, कारण घोरपडही असाच माग सोडते. मागच्या पायाची बोटे मोजावीत: मगरीची चार असतात, घोरपडीची पाच. रात्री विजेरी स्वतःच्या डोळ्यांच्या पातळीवर धरून पाण्यावर प्रकाश टाकल्यास मगरीचे डोळे लालसर चमकतात. चमकणाऱ्या जोड्यांची संख्या ही किमान संख्या समजावी, कारण बुडालेल्या आणि बिळातल्या मगरी तीत धरलेल्या नसतात. खडकावर उभे राहूनच मोजावे; उथळ पाण्यातही उतरू नये. हातभर लांबीची पिल्ले दिसली, तर ती नोंद स्वतंत्र ठेवावी, कारण तिथे अलीकडेच प्रजनन झाल्याचा तो पुरावा असतो.

पाणी उपसणारे पंप, नवे बांध आणि पाण्यावर येणारी जनावरे यांचीही नोंद हवी. मात्र जनावरांना सरसकट शत्रू ठरवू नये. चाडमधील एन्नेदीच्या आर्शेई डोहात उंटांचे कळप पाण्यावर येतात, त्यांच्या शेणाने शेवाळ पोसले जाते, शेवाळावर मासे जगतात आणि त्या माशांवर तिथल्या मूठभर मगरी. खरी भीती पाणीच संपण्याची आहे. दोन डोहांना जोडणारे ओढे पावसात वाहतात का, हेही पाहावे. तो मार्ग तुटला, तर दोन-चार मगरींचा गट कायमचा एकटा पडतो. लहान डोहांचे अचूक स्थान जाहीर न करता ते संवर्धनाचे काम करणाऱ्यांनाच कळवावे.