डोमेन घेऊन ठेवायचे अन विकायचे : अजून परवडतं का, अन करायचं तर कसं

थेट सांगतो भो, डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव, अशी शंभर नावं घेऊन ठेवायची, पाच वर्षं बसायचं अन मग कोणीतरी येऊन लाखो रुपये देऊन जाईल, हा प्रकार आता संपल्यात जमा आहे. पण पाच-दहाच नावं घेतली अन प्रत्येक नावाला गिऱ्हाईक कोण लागेल हे घेण्याआधीच माहीत असलं तर अजून जमतं.

आपल्याकडे जळगाव-धुळ्यात लोकांना प्लॉटचं वेड, त्यामुळे डोमेन म्हटलं की वाटतं इंटरनेटवरचा प्लॉट घेतला. तसं नाहीये. प्लॉटचा उतारा आपल्या नावावर चढतो, डोमेन मात्र कायम भाड्यानेच, एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षं, भरणं चुकलं की गेलं. अन भाडंही चढतंय. डॉट कॉम चालवणारी व्हेरिसाइन कंपनी 2021 च्या सप्टेंबरपूर्वी एका नावाचे वर्षाला 7.85 डॉलर घ्यायची, सप्टेंबर 2024 पासून 10.26 झाले, त्याच्यावर तुमच्या रजिस्ट्रारचं, म्हणजे ज्या कंपनीकडून नाव घेतो तिचं, मार्जिन, 18 टक्के जीएसटी, अन डॉलर महागला की तो फटका वेगळाच.

आता हिशोब करू. समजा 50 नावं, एकाचं रिन्यूअल सगळं धरून 1200 रुपये, म्हणजे वर्षाला 60 हजार. या धंद्यातले जुने लोक सांगतात की वर्षभरात शंभरातलं एखाद-दुसरं नाव विकलं जातं, आपण एकच धरू. म्हणजे तुमच्या पन्नासांतलं एक नाव दोन वर्षांनी विकणार, तोवर तुमचे 1 लाख 20 हजार गेलेले, डोमेन विकून देणाऱ्या साइटचं (मार्केटप्लेस) कमिशन 20 टक्के धरलं तर ते नाव दीड लाखाला गेलं तेव्हा कुठे तुम्ही शून्यावर आले. नफा नाही, शून्य. 2019 मध्ये व्हॉइस डॉट कॉम 3 कोटी डॉलरला गेलं ही बातमी सगळ्यांना पाठ असते, पण डॉट कॉमची 15 कोटींच्या वर नावं घेतलेली आहेत, त्यातली न विकलेली कोणी छापत नाही.

मग घ्यायचं काय? आधी अहिराणीत स्वतःला विचारा, गिऱ्हाईक कोठे शे? कागदावर पाच खरे खरेदीदार लिहा, दुकानाच्या किंवा कंपनीच्या नावानिशी. लिहिता आले नाही तर नाव सोडा. आपल्याकडच्या बहुतेक दुकानदाराला वेबसाइट नकोच असते, त्याचं व्हॉट्सअ‍ॅप अन गूगल मॅपवर भागतं, सराफाकडे गिऱ्हाईक पिढ्यांच्या ओळखीने येतं, त्याला डोमेन विकायला गेले तर तो चहा पाजून परत पाठवेल. पण रावेर-यावलकडचा केळीचा एक्स्पोर्टर, नंदुरबारचा मिरचीवाला जो बाहेर माल पाठवायचं बघतोय, पीव्हीसी पाइपवाला, डाळ मिलवाला, यांना परदेशातल्या पार्टीला फुकटच्या जीमेलवरून कोटेशन पाठवायला आता लाज वाटते. अशा माणसाला धंदा अन गाव दोन्ही सांगणारं इंग्रजी नाव कामाचं. किंमत दहा-वीस हजार मिळेल, कोटी नाही. देशातल्याच गिऱ्हाइकांसाठी डॉट इन पण चालतं, ते निक्सी या भारतातल्या संस्थेकडे असतं, केवायसी द्यावी लागते. डॉट एआयच्या नादी जपून लागा, ते अँग्विला नावाच्या कॅरिबियन बेटाचं आहे, किमान दोन वर्षांचे पैसे एकदम भरावे लागतात अन चांगली नावं चॅटजीपीटी आल्यावर लोकांनी कधीच उचलली. ते पहिल्या वर्षी शंभर रुपयात मिळणारे डॉट अमुक डॉट तमुक असतात ना, त्यांचं दुसऱ्या वर्षाचं रिन्यूअल आधी बघा, मग बोला.

नाव पक्कं करण्याआधी फोनवर चोपड्याच्या मित्राला फक्त ऐकवा अन टाइप करायला सांगा. मराठी शब्द रोमनमध्ये लिहायला गेलं की घोळ होतो, शेवभाजीतला शेव कोणी एसएचईव्ही लिहितं कोणी एसईव्ही, म्हणजे अर्धी माणसं दुसऱ्याच्याच साइटवर जाणार. नेमबायो या जुन्या विक्रीच्या नोंदी ठेवणाऱ्या साइटवर तशी नावं पूर्वी कितीला गेली ते पाहा. जुनं नाव घेत असाल तर वेबॅक मशीन या वेबसाइटची जुनी पानं जपणाऱ्या साइटवर त्याच्यावर आधी काय होतं ते पाहा, जुगाराची साइट निघाली तर हात लावू नका. एक्स्पायर झालेलं चांगलं नाव आपोआप हाती पडेल ही आशा सोडा, डॉट कॉमचं 45 दिवसांपर्यंत ग्रेस (जुन्या मालकाला रिन्यू करायची सवलत), मग 30 दिवस रिडेम्प्शन (जादा पैसे भरून सोडवायची मुदत), मग 5 दिवसांनी डिलीट, पण दमदार नाव तिथपर्यंत पोचतच नाही, रजिस्ट्रार मधेच लिलावात काढतो.

ब्रँडच्या नावाला शिवायचं नाही. 2024 मध्ये जिओहॉटस्टार डॉट कॉमचं गाजलं होतं, दिल्लीच्या एका डेव्हलपरने जिओसिनेमा अन हॉटस्टारच्या विलीनीकरणाचा अंदाज बांधून ते आधीच घेऊन ठेवलं होतं अन रिलायन्सकडे केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. भरपूर चर्चा झाली, शेवटी ते नाव दुबईतल्या दोन भावंडांकडे गेलं अन त्यांनी फुकट द्यायची तयारी दाखवली. डॉट कॉमला यूडीआरपी अन डॉट इनला आयएनडीआरपी अशा तक्रारीच्या पद्धती आहेत, त्यात हरले तर नाव जातं, मोबदला शून्य. अन ट्रेडमार्कवाल्याला आपण होऊन "विकत घेता का" असा मेल टाकला की तोच तुमच्या विरोधात पुरावा. नावात बँक असलेलेही आता साठवू नका, आरबीआयने 2025 मध्ये बँकांना डॉट बँक डॉट इनवर जायला लावलं.

विकायचं कसं, तर सेडो किंवा आफ्टरनिक अशा डोमेन विक्रीच्या साइटवर लिस्ट करा, किंमत स्पष्ट टाका, डोमेन उघडलं की विक्रीचं पान दिसलं पाहिजे. डॉट कॉम नवीन घेतलं की साधारण 60 दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही, त्याच रजिस्ट्रारच्या दुसऱ्या खात्यात मात्र टाकता येतं, गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा. ओळखीचा असला तरी पैसे खात्यात आल्याशिवाय ट्रान्सफरचा कोड द्यायचा नाही, मोठी रक्कम असली तर एस्क्रो, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवायचे. अन "तुमच्या डोमेनला मोठा खरेदीदार आहे, फक्त आधी या साइटवरून व्हॅल्युएशन सर्टिफिकेट काढा" असा मेल आला की समजा तो सर्टिफिकेटचेच पैसे खायला बसलाय.

प्रत्येक नावाला दोन रिन्यूअलची मुदत द्या, तोवर एकही चौकशी आली नाही तर ऑटो रिन्यू बंद करून सोडून द्या. विक्रीची पावती अन रिन्यूअलची बिलं एकाच फोल्डरमध्ये ठेवा, रिटर्न भरताना सीए पहिल्यांदा तेच मागतो.