ग्राफिक डिझाइनला ॲडमिशन घेताय? पहिल्या वर्षाबद्दल थोडं

आपल्याला सॉफ्टवेअर येतं म्हणजे निम्मं काम झालं अशा थाटात मी ग्राफिक डिझाइनच्या डिग्रीला गेले होते. फोटोशॉप, इलस्ट्रेटर सुट्टीतच शिकून ठेवलेलं, ओळखीतले दोन-चार लोगोपण करून झालेले, आणि तिकडे पहिले दोन महिने कॉम्प्युटरला हातच लावू दिला नाही. पेन्सिल, कटर, काळा कागद, गोंद. बस.

पहिल्याच आठवड्यातली एक असाइनमेंट सांगते. एक इंग्रजी शब्द कॅपिटलमध्ये मोठा छापायचा, अक्षरं कापायची आणि पुन्हा ओळीत चिकटवायची, अंतर डोळ्यांनी ठरवायचं. मी हुशारी केली, पट्टी घेतली आणि प्रत्येक दोन अक्षरांत बरोब्बर चार मिलिमीटर सोडले. सरांनी कागद भिंतीवर उलटा लावला, डोकं खाली पाय वर, आणि म्हणाले आता बघ. शब्द वाचता येत नसला की फक्त आकार दिसतात, आणि ए आणि व्हीच्या मधे एवढं मोठं भगदाड दिसत होतं की मलाच लाज वाटली. पट्टीवर सारखं असलेलं डोळ्याला सारखं दिसत नाही. गोल ओ हा शेजारच्या एचएवढाच उंच काढला तर बारका दिसतो म्हणून फॉन्ट काढणारे तो वरखाली किंचित बाहेर काढतात, हेही तेव्हाच कळलं. नंतर मराठी मजकूर लावायला घेतला तेव्हा वेगळीच गंमत, इंग्रजीला बसवलेलं लीडिंग (दोन ओळींमधलं अंतर) तसंच ठेवलं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत जाऊन अडकतो. देवनागरीला ओळींमधे जास्त जागा लागते, आणि कुठलाही सॉफ्टवेअर ती आपणहून नीट देईल या भरवशावर राहू नका.

हा कागदकापीचा प्रकार बालवाडीतला वाटतो पण त्याला इतिहास आहे. जर्मनीतलं बाउहाउस हे डिझाइन स्कूल १९१९ ला सुरू झालं आणि १९३३ ला बंद पडलं, जेमतेम चौदा वर्षं, पण आधी सगळ्यांनी आकार, रंग, मटेरियल यांच्याशी खेळायचं आणि मग स्पेशलायझेशन ही तिथली पद्धत आज जगभरातल्या डिझाइन कॉलेजांच्या पहिल्या वर्षात कुठल्या ना कुठल्या रूपात दिसते. हिस्टरीच्या लेक्चरला झोप येते हे मान्य, मलापण यायची, तरी बसा.

आता जुरी. म्हणजे तुमचं काम भिंतीवर लावायचं आणि सगळ्यांसमोर त्याची चिरफाड. माझ्या पहिल्या पोस्टरवर मॅडमनी काहीच कमेंट केली नाही, नुसतं पाच जणांना विचारलं की यात सगळ्यात आधी काय वाचलंत, आणि पाच जणांनी चार वेगवेगळी उत्तरं दिली. मी लगेच एक्स्प्लेन करायला लागले तर म्हणाल्या, पोस्टरशेजारी तू रोज उभी राहणारेस का? तेव्हापासून जुरीत मी तोंड बंद आणि वही उघडी ठेवते. कोणी नुसतं ‘रंग जमला नाही’ म्हणालं तर वाद घालू नका, तुला तिथे काय दिसलं नाही एवढंच विचारा, बहुतेक वेळा रंग नसतो, कॉन्ट्रास्ट, म्हणजे गडद-फिक्यातला फरक, कमी असतो. आणि लावण्याआधी लांब उभं राहून डोळे किलकिले करून बघा, जे धूसर होऊनही दिसतं तेच लोक आधी वाचणार.

प्रिंटिंगचं मात्र कोणी सांगून कळत नाही, एकदा फटका बसावाच लागतो. माझी बुकलेट होती मधोमध पिना मारायची, बावीस पानांची. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी प्रिंटवाले काका म्हणाले, दोन पानं कोरी सोडू का? एक कागद दुमडला की चार पानं होतात, त्यामुळे पिनांच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच लागतात हे मला माहीतच नव्हतं! शेवटी दोन कोरी जोडून चोवीस केली. पण १०-११ वर मी जे मोठं सलग चित्र टाकलं होतं ते दोन वेगळ्या कागदांवर गेलं (चोवीस पानांत सलग कागद फक्त १२-१३ ला मिळतो) आणि मधोमध जरासं सरकलेलं छापून आलं. शिवाय बारीक मजकुराचा काळा मी छपाईच्या चारही शाईंचा (निळसर, गुलाबी, पिवळी, काळी) ठेवलेला, त्या एकमेकींवर जराशा सरकल्या आणि अक्षरांना रंगीत सावल्या. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवायचा. स्क्रीनवरचा तो झगझगीत हिरवा सीएमवायकेमध्ये, म्हणजे याच चार शाईंच्या छपाईत, कधीच येत नाही, त्याचं दुःख करू नका. ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर जास्तीची छापायची पट्टी) साधारण तीन मिलिमीटर, पण छापणाऱ्याला आधी विचारा. आणि कुठलंही लेआउट सुरू करायच्या आधी साधे कागद दुमडून, पानांवर नंबर टाकून डमी बनवा, पाच मिनिटांचं काम आहे.

सॉफ्टवेअर दुसऱ्या सेमिस्टरपासून आपोआप येतं, शॉर्टकट पाठ होतात. सगळं विकत घेणं जमत नसेल तर इंकस्केप, गिम्प, स्क्रायबस फुकट आहेत, सरावाला पुरतात. फॉन्ट फुकट डाउनलोड झाला म्हणजे क्लायंटच्या कामात वापरता येतो असं नाही, लायसन्स वाचा.

पोर्टफोलिओसाठी (आपल्या निवडक कामांचा संच) पहिल्या दिवसापासून कच्ची स्केचेस तारीख टाकून ठेवा, मी पहिल्या वर्षाची सगळी रद्दीत घातली आणि नंतर इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूला नेमकं तेच विचारलं, की इथपर्यंत आलीस कशी. वीस कामं कोंबण्यापेक्षा सात-आठ टाका, सगळ्यात भारी काम पहिलं, आणि पीडीएफ मेलला सहज जोडता येईल एवढीच ठेवा, ऐंशी एमबीची फाइल उघडायची वाट कोणी बघत बसत नाही.