हृदयशस्त्रक्रियेत मेंदूचा प्राणवायू घसरला तर आधी शिरादाब पाहा

भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांमधून पाणी उतरताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा विषय अवघड वाटू नये. वरच्या बांधीतील पाणी पातळीच्या फरकामुळे खालच्या बांधीत जाते, आणि खालची बांधी तुडुंब भरली की वरून कितीही पाणी सोडले तरी प्रवाह मंदावतो. मेंदूचेही असेच आहे. सरासरी धमनीदाबातून कवटीतील दाब किंवा शिरादाब, यांपैकी जो जास्त असेल तो वजा केला असता उरणारा दाब मेंदूतून रक्त वाहून नेतो. हृदय-फुफ्फुसांचे काम तात्पुरते करणाऱ्या बायपास यंत्रावर धमनीदाब ६० मि.मी. पारा आणि शिरादाब २ असेल तर ५८ उरतात; शिरादाब १८ झाला, तर मॉनिटरवर धमनीदाब ६० असाच दिसत असतानाही मेंदूच्या वाट्याला केवळ ४२ येतात. शस्त्रक्रियागृहात नव्याने रुजू झालेल्या तंत्रज्ञांनी आणि परिचारिकांनी ही वजाबाकी पाठ करावी.

भूल देण्यापूर्वीच कपाळाच्या दोन्ही बाजूंना एनआयआरएसचे, म्हणजे प्रकाशकिरणांनी मेंदूतील रक्तातला प्राणवायू टक्क्यांत मोजणाऱ्या यंत्राचे सेन्सर लावावेत आणि रुग्ण जागा असताना, साध्या हवेत श्वास घेत असताना आलेले आकडे लिहून ठेवावेत. ते साधारणपणे ६० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असतात. परंतु त्वचेचा गडद रंग आणि कावीळ यांमुळे आकडा कमी दिसू शकतो, म्हणून तुलना पुस्तकातील आकड्याशी न करता त्याच रुग्णाच्या मूळ आकड्याशी करावी. मूळ आकड्याच्या २० टक्क्यांहून अधिक घट झाली किंवा आकडा ५० च्या खाली गेला, तर तो इशारा समजावा. या सेन्सरखालच्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त शिरांमधले असते, त्यामुळे रक्त परत जाण्याची वाट अडली की त्याचा परिणाम येथे लवकर उमटतो.

आकडा दोन्ही बाजूंना घसरला आणि डोक्याकडचा शिरादाब चढला, तर वरच्या महाशिरेतील, म्हणजे एसव्हीसीतील कॅन्युलाविषयी (डोक्याकडचे रक्त यंत्राकडे नेणाऱ्या नळीविषयी) संशय घ्यावा. कॅन्युला फार आत गेली असेल, वाकली असेल, नळीत हवेचा अडथळा आला असेल, किंवा हृदय उचलताना महाशीर पिळली गेली असेल. या गोष्टी परफ्युजनिस्ट (बायपास यंत्र चालवणारा तज्ज्ञ) आणि शल्यविशारद यांना तत्काळ, मोठ्याने सांगाव्यात. चेहरा निळसर होणे, पापण्या व डोळ्यांचा पांढरा भाग सुजणे ही चिन्हे दिसेपर्यंत थांबू नये. केवळ डावीकडचा आकडा पडला असेल, तर रिट्रॅक्टरखाली डावीकडची मोठी शीर दबली आहे काय, तेही पाहावे.

येथे एक फसगत हमखास होते. महाशिरांभोवतीचे फास आवळल्यावर सीव्हीपीच्या, म्हणजे शिरादाब मोजणाऱ्या नळीचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात असेल, तर मॉनिटर शून्याजवळचा समाधानकारक आकडा दाखवत राहतो आणि डोक्यात मात्र रक्त तुंबलेले असते. म्हणून मानेच्या शिरेत घातलेल्या शीथच्या (रुंद बाह्य नळीच्या) बाजूच्या तोंडाला ट्रान्सड्यूसर, म्हणजे दाबमापक जोडून फासाच्या वरचा दाब मोजावा. टेबल वरखाली किंवा तिरपे केल्यावर ट्रान्सड्यूसरही पुन्हा उजव्या कप्प्याच्या पातळीला आणावा.

रक्तदाब वाढवणारे औषध वाईट नाही. अडथळा सुटेपर्यंत ते वेळ मिळवून देते. परंतु केवळ औषधाने आकडा सुधारला म्हणून अडथळा तसाच ठेवणे मला चुकीचे वाटते, कारण तुंबलेल्या मेंदूला त्यामुळे सूज येऊ शकते. अडथळा नसेल, तर मान एका बाजूला जास्त वळली आहे काय, कार्बन डायऑक्साइड फार खाली गेला आहे काय, हिमोग्लोबिन किती आहे आणि पंपाचा प्रवाह पुरेसा आहे काय, याच क्रमाने पाहावे.

बायपास यंत्राच्या पंपाविना होणाऱ्या बायपास शस्त्रक्रियेत हृदय उभे करून मागची धमनी जोडताना शिरादाब चढतो आणि धमनीदाब पडतो. त्यात डोके खाली केले तर शिरादाब आणखी वाढतो. आकडे फार पडले, तर हृदय काही मिनिटे जागेवर ठेवण्याची विनंती करावी. ती विनंती करताना संकोच बाळगू नये.

आपल्या भागातील दोन प्रकारच्या रुग्णांविषयी विशेष सांगणे आवश्यक आहे. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या आणि उशिरा आलेल्या रुग्णाच्या मानेच्या शिरा आधीच फुगलेल्या असतात. त्याचा मूळ शिरादाबच जास्त असल्याने त्याला थोडाही कमी धमनीदाब सोसत नाही. दुसरा सिकलसेलचा रुग्ण. पूर्व विदर्भात हा आजार बराच आढळतो, आणि साचलेले, प्राणवायू कमी असलेले, थंड किंवा आम्लधर्मी झालेले रक्त हीच पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याची कारणे आहेत. म्हणून सिकलसेलची तपासणी शस्त्रक्रियेपूर्वीच करून तिचा निकाल परफ्युजनिस्टला सांगावा.

आकडा किती वेळ खाली होता हे मिनिटांसह भुलीच्या नोंदीत लिहावे. अतिदक्षता विभागात रुग्ण सोपवताना ती नोंद तोंडीही सांगावी, आणि रक्तदाब स्थिर असल्यास डोक्याकडची बाजू सुमारे ३० अंश उंच ठेवण्यास सांगून डोळ्यांच्या बाहुल्या आणि शुद्धीवर येण्याची वेळ यांवर लक्ष ठेवण्याची विनंती करावी.