सुषुम्नेआधी इडा-पिंगला: नाडीशोधन नीट कसं करावं

नाडी म्हणजे प्राण वाहण्याची वाट. इडा डावीकडे, पिंगला उजवीकडे आणि मेरुदंडाच्या मधून मूलाधारापासून (कण्याच्या तळापासून) ब्रह्मरंध्रापर्यंत (टाळूपर्यंत) सुषुम्ना, ही योगातली सूक्ष्म रचना. शवविच्छेदनात ती सापडत नाही, आणि तिची मज्जारज्जूशी सांगड घालत बसून साधकाला काही मिळत नाही. त्याच्या हाती असतो तो श्वास. एरवी एक नाकपुडी मोकळी आणि दुसरी थोडी बंद असते. आतल्या अस्तरातलं रक्त कमीजास्त होऊन काही तासांनी पाळी बदलते. दोन्ही सारख्या वाहू लागल्या की सुषुम्ना चालू झाली, असं स्वरशास्त्र, म्हणजे नाकपुड्यांतून वाहणाऱ्या श्वासाचं पारंपरिक शास्त्र, मानतं. म्हणून मधल्या नाडीच्या मागे न लागता आधी दोन्ही बाजू सारख्या कराव्यात. त्यासाठी नाकपुड्या आळीपाळीने बंद करून घ्यायचा श्वास म्हणजे नाडीशोधन.

जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्या. घडी केलेल्या घोंगडीवर बसा, गुडघे कमरेपेक्षा खाली राहिले पाहिजेत. नाहीतर कंबर मागे कलते आणि पाठीला पोक येतो. नाकाखाली बोट धरून कोणता स्वर चालू आहे, म्हणजे कोणत्या नाकपुडीतून श्वास जास्त वाहतो, ते पाहा. डावी नाकपुडी फारच बंद असेल तर पाचदहा मिनिटं उजव्या कुशीवर पडून राहा, वरची बाजू मोकळी होते. सर्दीने नाक चोंदलं असेल तर त्या दिवशी सराव नको.

उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट तळव्याकडे दुमडा. अंगठा उजव्या नाकपुडीसाठी, अनामिका डाव्या. हाड संपून मऊ भाग सुरू होतो तिथे फक्त टेकवा. जोरात दाबलं की मधला पडदा सरकतो आणि उघडी बाजूही अरुंद होते. कोपर खांद्याइतकं उचलून धरू नका, हात भरून येतो आणि मान वाकडी होते.

डावीने मनात चार अंक मोजत श्वास घ्या, उजवीने चार अंक सोडा. उजवीने घ्या, डावीने सोडा. हे एक आवर्तन. अशी दहा पुरेत. दोनेक आठवड्यांनी सोडणं सहा अंकांवर न्या, मग आठवर. पुढचा श्वास हपापल्यासारखा आत ओढला गेला, तर अंक झेपत नाहीत असं समजून मागे या. इथेच बहुतेकांची घाई होते. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात दिवसातून चार वेळा, ऐंशीपर्यंत कुंभकं (श्वास रोखून धरणं) सांगितली आहेत खरी, पण तीही हळूहळू वाढवत, आणि तिथवरची वाट शिक्षकासमोरच चालावी. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा गर्भारपण असेल तर श्वास रोखू नये.

आवर्तनं झाली की हात मांडीवर ठेवा आणि पाच मिनिटं नैसर्गिक श्वासासोबत लक्ष फिरवा: घेताना गुद आणि जननेंद्रिय यांच्या मधल्या जागेपासून कण्याच्या आतून वर, सोडताना खाली. लक्ष पोटावर, छातीवर, म्हणजे पुढच्या अंगाला सरकतं. ते परत कण्यात आणा. मूलबंध, म्हणजे त्याच मधल्या जागेचं आकुंचन, लावायचा तर अगदी हलका. नितंब आवळले जात असतील तर तो मूलबंध नव्हे.

मुंग्या, ऊब, प्रकाश जाणवला तर जाणवू द्या, तो मोजमाप म्हणून वापरू नका. कपाळावर दाब येत असेल, डोकं तापत असेल किंवा झोप उडत असेल तर वर चढवणं थांबवून लक्ष नाभीवर ठेवा आणि काही दिवस फक्त चार-चार अंकांचा श्वास करा. तरीही त्रास राहिला तर सराव बंद करून डॉक्टरांना दाखवा.